गाडीतील अनोळखी खडखडाटाचा माग कसा काढावा

मागील पावसाळ्यात माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूकडून ‘खट्’ असा एक आवाज येऊ लागला. बेळगावहून जांबोटीकडे जाताना रस्त्यावरील खड्ड्यांत तो हमखास येत असे आणि महामार्गाला लागताच पूर्णपणे थांबत असे. गॅरेजमध्ये दाखवल्यावर आधी दोन्ही लिंक रॉड (सस्पेन्शनचे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, लहान जोडदांडे) बदलण्यात आले, पंधरा दिवसांनी स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या एकत्र खांबाचे, वरचे माउंट बदलण्यात आले, आणि दोन्ही वेळा नवे भाग व जुना आवाज घेऊन मी घरी परतलो. अखेर एका रविवारी अंगणात इंजिन बंद ठेवून गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, तर तोच ‘खट्’ स्पष्ट ऐकू आला. बॉनेट उघडून पुन्हा दाबले, तेव्हा बॅटरी आपल्या जागेवर बोटभर सरकताना दिसली. जूनमध्ये नवी बॅटरी बसवली होती आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट अर्धाच आवळलेला राहिला होता. दहा नंबरच्या पान्याने तो आवळण्यास एक मिनिटही लागले नाही.

आवाज ‘खट्’ आहे आणि पुढून येतो, एवढ्यावरून आम्ही थेट सुट्या भागांच्या दुकानाकडे वळलो होतो. तो कधी येतो आणि कधी येत नाही, हे मीही नीट पाहिले नव्हते आणि गॅरेजमध्येही कोणी विचारले नव्हते. त्या अनुभवानंतर मी जी पद्धत वापरतो ती येथे सविस्तर मांडत आहे. तिला महागडी साधने लागत नाहीत. वही, बॅटरीवरचा टॉर्च, एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा एक सहनशील माणूस एवढे पुरते.

आधी अट, मग भाग

आवाज कशाचा आहे हा प्रश्न पहिले तीन-चार दिवस बाजूला ठेवावा आणि तो कोणत्या अटीवर येतो एवढेच टिपत राहावे. इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, गाडी उभी असताना येतो की केवळ चालताना, सरळ रस्त्यावर की वळणावर, एक्सलरेटर दाबताना की सोडताना, ब्रेक लावल्यावर वाढतो की थांबतो, एकट्याने जाताना येतो की मागे तिघे बसल्यावर, सकाळच्या गारव्यात की दुपारच्या उन्हात, या प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर मिळाले की संशयितांची यादी भराभर लहान होते. नोंद शेजाऱ्याने करावी. चालवणाऱ्याने मोबाइलवर आवाज मुद्रित करण्याची सोय निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवावी आणि प्रवासात ‘आता ब्रेक’, ‘आता डावे वळण’, ‘आता तिसरा गिअर’ असे मोठ्याने बोलत जावे. घरी आल्यावर ऐकताना आवाज आणि त्याची अट दोन्ही एकत्र सापडतात.

आणखी एक प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर असावा: आवाज सुरू होण्यापूर्वी गाडीला शेवटचा हात कशासाठी लागला होता? टायर बदलले होते का, बंपर रंगवला होता का, नवा स्टिरिओ बसवताना डॅशबोर्ड उघडला होता का, सीट कव्हर घातली होती का? नवा आवाज आणि ताजे काम यांचा संबंध इतक्या वेळा निघतो की मी आता तपासाची सुरुवात तेथूनच करतो.

आवाजाला नाव देताना मराठीची चांगली मदत होते, कारण आपले अनुकरणवाचक शब्द आवाजाबरोबर पदार्थही सांगतात. खुळखुळ म्हटले की पोकळ जागेत सुटी पडलेली लहान वस्तू डोळ्यांसमोर येते. खडखड ही दोन कठीण भागांची वारंवार होणारी टक्कर असते, तर झणझण ही पातळ पत्र्याची. करकर कोरड्या रबराची किंवा नव्या चपलेची, कुरकुर जुन्या पलंगाची आणि प्लास्टिकच्या सांध्यांची. टकटक आणि कटकट यांना ठरावीक ताल असतो, म्हणून फिरणाऱ्या भागाची शंका प्रथम घ्यावी. रबराचा बुश (सांध्यात गादीसारखी बसवलेली नळी) फाटला की येणारा ‘धप्प’ हा आवाज जड आणि बोथट असतो. चाकाचे बेअरिंग खराब झाल्यावर घूंघूं अशी घरघर येते आणि ती वेगाबरोबर चढत जाते. आपल्या भागातील बहुतेक मेस्त्री मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. कन्नडमध्ये आवाजाला सप्पळ म्हणतात हे ठाऊक असले तरी पुरे, कारण ‘झणझण’ आणि ‘कटकट’ यांचे भाषांतर करण्याची वेळ माझ्यावर अद्याप आलेली नाही.

गाडी रिकामी करणे

हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच लोक ते टाळतात, पण सर्वाधिक आवाज याच पायरीवर सापडतात असे माझे मत झाले आहे. दारांच्या खणांतील बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधील कागद व किल्ल्या, चष्म्याची डबी, सीटखाली गेलेली नाणी, डॅशबोर्डवरील गणपती, मागच्या काचेखालचा ट्रे, हे सर्व बाहेर काढून एका टोपलीत ठेवावे. डिकीतील चटई उचलून जॅक, चाकाचा पाना आणि स्टेपनी पाहावी. स्टेपनी मधल्या बोल्टने घट्ट धरलेली असावी लागते. जॅकला त्याच्या खोबणीत बसवून स्क्रू फिरवून ताणून ठेवायचे असते, आणि पंक्चर काढल्यानंतर नेमके हेच राहून जाते. डिकीतील आवाज चालवणाऱ्याला अनेकदा मागच्या चाकाच्या वरून आल्यासारखा वाटतो, म्हणून शॉक अॅब्सॉर्बरवर खापर फुटते.

रिकामी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने नेऊन आणावी. आवाज थांबला असेल तर निम्मे सामान परत ठेवून पुन्हा जावे, आणि असे निम्म्या-निम्म्याने करत गेल्यास तीन-चार फेऱ्यांत वस्तू सापडते. रिकाम्या सीटचे पट्टे याच वेळी पाहावेत. पट्ट्याचे धातूचे टोक दाराजवळच्या प्लास्टिकच्या खांबावर आपटून जो टक्-टक् आवाज करते, तो कानाच्या अगदी जवळ असूनही लवकर ओळखता येत नाही. मागच्या सीटची पाठ दुमडणारी असेल तर तिची कडी पूर्ण बसली आहे का हेही पाहावे. माणूस टेकून बसला की थांबणारा आवाज बहुधा त्या कडीचाच असतो. नंबर प्लेटच्या मागे स्पंजचे दोन तुकडे चिकटवले की तिची झणझण जाते.

ताल मोजणे

गाडी रिकामी करूनही आवाज राहिला तर तो चाकांशी बांधलेला आहे की इंजिनाशी, हे ठरवावे लागते. येथे थोडे गणित उपयोगी पडते. लहान गाड्यांना सर्रास असणाऱ्या १८५/६५ आर १५ या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणून त्या वेगाला चाक सेकंदाला साधारण अडीच फेऱ्या घेते. ताशी १८ च्या वेगाला सेकंदाला दोन-तीन टिचक्या ऐकू येत असतील आणि ताशी ३६ ला त्या दुप्पट होत असतील, तर आवाज चाकाच्या फेरीला बांधलेला आहे हे नक्की. याउलट इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असते, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे एखाद्या व्हॉल्व्हची टकटक सेकंदाला सहा-सात वेळा येते.

मोजण्यापेक्षाही सोपी परीक्षा म्हणजे गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हळूहळू एक्सलरेटर दाबणे. आवाज तेथेही वाढला तर तो इंजिन, त्याचे पट्टे किंवा सायलेन्सर यांच्याकडचा. तेथे आला नाही, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन क्लच दाबावा. इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या तरी आवाज पूर्वीच्याच तालात चालू राहिल्यास चाकांकडे पाहावे. ही परीक्षा ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत चालत्या स्थितीत करू नये. तसेच चोर्ला किंवा तवंदी घाटाच्या उतारावर आवाज ऐकण्यासाठी इंजिन बंद करण्याचा मोह कोणालाही होऊ नये. इंजिन बंद झाले की स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते, ब्रेकला मिळणारी दोन-चार दाबांत संपते आणि दोन्ही दगडासारखी जड होतात.

चाकाच्या तालातील टिचकीचे पहिले कारण टायरच्या खाचेत अडकलेला खडा हेच असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला जांभ्याची खडी रस्त्यावर पसरलेली असते, म्हणून त्या भागातून आल्यावर चारही टायरच्या खाचा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने साफ कराव्यात. खड्याऐवजी खिळ्याचे डोके दिसले तर ते तेथेच उपटू नये. हवा धरून असेल तर तसेच पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे. याच खडीचा एखादा दाणा ब्रेकच्या डिस्कमागील पातळ पत्र्यात शिरला की कानठळ्या बसवणारी घासण सुरू होते आणि सर्व ब्रेक संपले अशी भीती वाटते. अशा वेळी मोकळ्या जागेत गाडी चार-पाच वेळा मागे-पुढे घेऊन हलका ब्रेक लावावा, दाणा बहुधा पडतो. पडला नाही तर चाक काढून तो पत्रा किंचित मागे वाकवावा लागतो.

रस्ता हेच यंत्र

आपल्याकडे तपासासाठी हवे तसे रस्ते जवळच मिळतात, ही एक सोयच आहे. पहाटे बेळगावच्या कॅम्प भागातील शांत रस्त्यावर, लांब कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने, काचा खाली करून ताशी २० च्या वेगाने जावे. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज त्या बाजूच्या चाकांचा असतो. परत येताना दुसरी बाजू भिंतीकडे येते आणि तुलना आपोआप होते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर रूळ ओलांडताना सस्पेन्शनला लहान आणि तीव्र धक्के बसतात, ते सैल सांधे ओळखण्यास उत्तम. निपाणी ते बेळगाव हा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा पट्टा वेगाच्या आवाजांसाठी, आणि घाटाचा चढ इंजिनावर भार आल्यावर उमटणाऱ्या आवाजांसाठी वापरावा.

सर्वांत अधिक माहिती मात्र गावोगावच्या गतिरोधकांवरून मिळते, ज्यांना इकडे हंप म्हणतात. हंप दोन रीतींनी ओलांडावा: एकदा सरळ, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकदम चढतील असा, आणि एकदा किंचित तिरपा, म्हणजे एक चाक आधी चढेल असा. दोन्ही चाके सारखी वर गेली की गाडीचा आडवा स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीला कलू न देणारी दांडी) पिळला जात नाही आणि त्याच्या टोकांचे लिंक रॉड शांत राहतात. एकच चाक वर गेले की बार पिळतो आणि सैल झालेला लिंक रॉड ‘खट्-खट्’ बोलू लागतो. तिरपे जाताना आवाज येतो व सरळ जाताना येत नाही असे दिसल्यास लिंक रॉड किंवा बारचे रबरी बुश यांची शंका पक्की होते. दोन्ही वेळा येत असेल तर स्ट्रटचे माउंट, आणि चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, म्हणजे लोअर आर्मचा, बॉल जॉइंट व बुश पाहावेत. आणि माझ्यासारखे मूर्ख ठरायचे नसेल तर बॅटरीची पट्टीही पाहावी. एवढी साधी परीक्षा मी आधीच केली असती तर लिंक रॉडचे पैसे वाचले असते, कारण माझा आवाज सरळ जातानाही येत होता.

स्ट्रटच्या माउंटची परीक्षा उभ्या गाडीत होते. इंजिन सुरू ठेवून व हँडब्रेक ओढून एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या भागावर तळहात ठेवावा. स्प्रिंग अडकून सुटल्याचा ‘टण्’ असा झटका हाताला लागला तर वरचे बेअरिंग जाम होत आहे. हात ठेवणाऱ्याने पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब राहावे, सैल बाही किंवा ओढणी वर करून घ्यावी; काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा चावी काढल्यानंतरही अचानक सुरू होतो.

खराब रस्त्यावर येणारी खडखड ब्रेक पॅडची आहे का, हे ओळखण्याची युक्ती मला एका वृद्ध मेस्त्रींनी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका शेडमध्ये दाखवली होती. ताशी २०-२५ च्या वेगाने खडबडीत रस्त्यावरून जाताना, मागे कोणी नाही हे पाहून, ब्रेकचे पेडल पॅड डिस्कला जेमतेम टेकेल इतकेच दाबून ठेवावे. खडखड त्याच क्षणी थांबली आणि पाय उचलताच पुन्हा सुरू झाली, तर पॅडची क्लिप निघालेली आहे किंवा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना सैल अथवा कोरड्या झाल्या आहेत. यात पॅड बदलण्याची गरज नसते, क्लिप बसवून आणि पिनांना योग्य ग्रीस लावून काम भागते.

वळताना येणारी कटकट मात्र वेगळ्या घराण्यातील आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरावे, मग किंचित एक्सलरेटर द्यावा; नंतर उलट बाजूने तसेच करावे. भार देताच ‘टक-टक-टक’ असा ताल वाढला तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवत ठेवणारा सांधा) झिजला आहे. खात्रीसाठी चाकाच्या आतल्या बाजूस टॉर्च मारावा: जॉइंटवरचे घडीचे रबरी बूट फाटले असेल तर आतील काळे ग्रीस रिमच्या आतल्या बाजूवर शिंपडलेले दिसते. ग्रीस उडाले आहे पण कटकट अजून सुरू झालेली नाही, अशा अवस्थेत सापडल्यास जॉइंट धुऊन, नवे ग्रीस भरून, नवे बूट चढवले की तो वाचू शकतो. लाल चिखल आत जाऊन कटकट सुरू झाली की तो बदलावाच लागतो. आपल्याकडील पावसाळा पाहता जूनपूर्वी आणि दसऱ्यानंतर असे वर्षातून दोनदा या बुटांकडे पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

गळीत हंगामात चिकोडी, अथणी, निपाणी या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना रस्त्यावर पडलेली कांडी आणि मोळीची दोरी गाडीखाली जाते. इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या झाकणात कांडे अडकून बसले की कुरकुर होते, झाकणाची एखादी क्लिप तुटली की वेग वाढताच फडफड होते. वाकून पाहिले तरी हे दिसते.

गाडीखाली जायचे असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. सपाट कठीण जमिनीवर, उरलेल्या चाकांना पुढे-मागे दगड लावून, गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. चाक उचलल्यावर ते वर-खाली धरून हलवावे, मग डावी-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली ढिलेपणा लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मदतनीसाने ब्रेक दाबल्यावर तो ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. केवळ डावी-उजवीकडे ढिलेपणा असेल तर टाय रॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोक किंवा त्याला सरकवणारा स्टिअरिंगचा रॅक पाहावा. बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा सापडल्यास गाडी तेथेच थांबवावी, कारण तो सुटला तर चाक आडवे पडते.

इंजिन, सायलेन्सर आणि न घाबरण्याचे आवाज

इंजिनाकडची टकटक ऐकू आली की प्रथम तेल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी डिपस्टिक (तेल मोजण्याची पट्टी) पुसून पुन्हा घालावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करावी. टकटकीबरोबर तेलाचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे, घरापर्यंत पोहोचण्याचा विचार करू नये. तेल योग्य असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या स्थिर भागांवर एकेक करून टेकवून त्याची मूठ कानाजवळ धरावी. आवाज जेथे सर्वांत टोकदार लागतो, तेथून फार दूर शोधावे लागत नाही. हे करताना टोक फिरणाऱ्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये. पेट्रोलच्या इंजेक्टरची हलकी टिकटिक या पद्धतीने फार मोठी ऐकू येते, ती नैसर्गिक आहे.

क्लचनेही काही आवाज वेगळे काढता येतात. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबली तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे किंवा, अनेक डिझेल गाड्यांत, फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या टोकावरील जड चाकाकडे) बोट जाते. आणि क्लच दाबल्यावरच सुरू झाली तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे. घाटाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये पेट्रोलचे इंजिन ओढत असताना पत्र्यावर काचेच्या गोट्या सांडल्यासारखा आवाज येतो, तो सैल भागाचा नसून इंधन अवेळी पेटल्याचा असतो. खालचा गिअर टाकल्यावर तो थांबावा. थांबत नसेल तर दुर्लक्ष करू नये, पिस्टनचे नुकसान होते.

ठरावीक फेऱ्यांवरच येणारी आणि फेऱ्या वाढवताच नाहीशी होणारी झणझण ही जवळजवळ नेहमी सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्र्याची असते. खानापूरच्या पावसात या पत्र्याची बोल्टजवळची कडा गंजून गळते आणि तो मोकळा होतो. इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या नळीवर मुठीने ठोकून पाहिले की तो लगेच बोलतो. पोलादी होज क्लिप नळीभोवती घालून पत्रा आवळता येतो. पत्रा काढून टाकण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो मानू नये. वरच्या रबर, तारा आणि गालिचाला उष्णतेपासून वाचवण्यासाठीच तो बसवलेला असतो.

घरी आल्यावर उभ्या गाडीखालून पाच-दहा मिनिटे येणारी ‘टिक्, टिक्’ ही तापलेला धातू आकसण्याची असते. एसी चालू-बंद होताना पुढे होणारा ‘टक्’ हा कॉम्प्रेसरच्या क्लचचा, आणि गाडी सुरू करून थोडे पुढे जाताच येणारी एक लहानशी खरखर ही अनेक गाड्यांत एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) स्वतःची तपासणी असते. यांच्या मागे लागू नये.

डॅशबोर्डच्या आतले

प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या कित्येक पट प्रसरण पावते, म्हणून डॅशबोर्डची कुरकुर सकाळच्या गारव्यात एक आणि एप्रिलच्या उन्हात दुसरी असते. शेजाऱ्याने तळहाताने एकेक भाग घट्ट दाबून धरावा आणि ज्या भागावर दाब पडताच आवाज थांबेल तेथे कागदी चिकटपट्टीने खूण करावी. दोन प्लास्टिकच्या कडा जेथे घासतात तेथे फेल्टची पातळ पट्टी बसवावी. दारांच्या रबरी कडा करकरत असतील तर सिलिकोनचे ग्रीस किंवा फवारा फडक्यावर घेऊन पुसावा. घरातील मशीनचे तेल किंवा डिझेल लावल्यास रबर फुगते आणि काही महिन्यांत पाणी गळू लागते.

एसीचा पंखा सुरू केल्यावर पात्यांच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक असेल तर ब्लोअरमध्ये वाळके पान किंवा भुईमुगाचे टरफल गेलेले असते. ते उंदरांनी नेलेले असण्याची शक्यता मोठी आहे, विशेषतः गाडी शेताशेजारी उभी राहत असेल तर. तेव्हा फिल्टरबरोबर तारांवर दातांच्या खुणाही पाहाव्यात. स्वयंचलित एसीच्या गाडीत चावी फिरवताच डॅशबोर्डच्या आत काही सेकंद ‘कट-कट-कट’ होऊन थांबत असेल, तर हवेची झडप फिरवणाऱ्या लहान मोटरच्या प्लास्टिकच्या चाकाचा दात तुटलेला असतो. गाडीला त्यापासून धोका नाही, गरम-थंड हवा मात्र नीट बदलत नाही. इंडिकेटरची टिकटिक अचानक दुप्पट वेगाने होऊ लागली, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे.

चावी फिरवल्यावर इंजिन न फिरता भराभर कटकट होणे ही बॅटरीची तक्रार आहे. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आला असेल तर तो प्रथम साफ करावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. १२ च्या आसपास असतील तर ती जवळजवळ रिकामी आहे. व्होल्ट योग्य असूनही एकच जाड ‘टक्’ होऊन शांतता पसरत असेल, तर स्टार्टर मोटर दाखवावी.

मेस्त्रीकडे जाताना

एवढे करून जो आवाज उरतो तो घेऊन गॅरेजमध्ये जावे. ‘पुढून आवाज येतोय’ असे म्हणून चावी देऊ नये. ‘मेस्त्री, इंजिन तापल्यावर, डावीकडे पूर्ण वळून एक्सलरेटर दिला की टकटक होते, सरळ जाताना होत नाही’, असे एका दमात सांगावे, मोबाइलवरील ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि शक्य असल्यास त्यांना शेजारी बसवून तो आवाज स्वतः काढून दाखवावा. दोन भागांवर संशय असेल तर एका वेळी एकच बदलण्यास सांगावे, नाहीतर नेमके काय बिघडले होते हे कधीच कळत नाही. काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि हाताने हलवून पाहावा; सैल, फाटलेला किंवा जाम नसेल तर तो भाग बहुधा दोषी नव्हता.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी ज्या हंपावर आवाज येत होता तोच हंप, त्याच वेगाने, त्याच तिरपेपणाने ओलांडावा. चाके काढली गेली असतील तर नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळून घ्यावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा तपासावेत, कारण सैल नटांची टकटक सुरुवातीला अगदी खाचेत अडकलेल्या खड्यासारखीच ऐकू येते.